तीन तासांचं काम

नलूचं पत्र आलं ते मार्चच्या सात तारखेला. निळं आंतर्देशीय पत्र, कडा थुंकी लावून नीट चिकटवलेल्या. ओमप्रकाशनं ते तीनदा वाचलं, घडी केली आणि लायब्ररीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, परवा देऊ... असं करता करता इतके दिवस गेले, की उत्तराआधी उशिराचं कारण द्यावं लागलं असतं. आणि ते कारण देण्यासारखं नव्हतं.

पत्रात फार काही नव्हतंच. ‘तुम्ही येत का नाही, एवढंच लिहा. मी रागावलेली नाही. लाज वाटत असेल तर लाज घेऊन या.’ खाली नुसतं ‘नलू’.

ओळख झाली होती सुपेल्याच्या बाजारातल्या काँप्युटरच्या दुकानात, सत्त्याण्णवच्या डिसेंबरात. ओमप्रकाश पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या लायब्ररीत क्लार्क, सेक्टर २ मध्ये क्वार्टर, वय एकतीस, बोलायचं कमी आणि वाचायचं जास्त. काँप्युटरची पुस्तकं वाचून वाचून त्याला ती मशिनं उघडता-जोडता यायला लागली होती. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायचा त्याला धीर नव्हता. त्या दिवशी तो फ्लॉपीचा डबा घ्यायला गेला, तर काउंटरवर एक मुलगी प्लांटच्या जुन्या निळ्या युनिफॉर्ममध्ये गुंडाळलेला काँप्युटर उघडून उभी होती.

“मॅडम, ये डब्बा हो गया,” दुकानदार म्हणत होता. “नया ले लो.”

“डबा तुझं तोंड,” ती मराठीत पुटपुटली.

ओमप्रकाशला हसू आवरलं नाही. ती गर्रकन वळली.

“मराठी आहे का जी तुमी?”

“हो...”

“मग हासून कावून राहिले? सांगा न, काय खराबी आहे याच्यात.”

“खराबी... नाही काही. मेमरी चार एमबी आहे. सोळा केली, तर विंडोज पंच्याण्णव चालते. थोडं हळू... पण चालते.”

“मले सांगून राहिले, का जमिनीले?”

त्यानं मान वर केली. ती हसत होती. पण डोळ्यांखाली थकवा होता, बऱ्याच दिवसांचा.

तिचे वडील मारोतराव प्लांटमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवायचे. तीस वर्षं हवेत बसून त्यांनी लाल लोखंड इकडून तिकडे नेलं, आणि एका सकाळी अंघोळीच्या बादलीशेजारी कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मेडिकल अनफिट झाले, तसं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून बापलेक टाउनशिपबाहेर, खुर्सीपारमध्ये दोन खोल्यांत राहायला आले. सोबतीला मारोतरावांची विधवा बहीण गयाबाई. नलू घरीच टायपिंग करायची. आता गिऱ्हाइकं विंडोजवरच काम मागू लागली होती; जुन्या डॉसवर भागत नव्हतं.

“आणि बाबाचा गेम नाही गेला पाहिजे,” ती म्हणाली. “बाकी काहीही करा.”

रविवारी अकरा वाजता ओमप्रकाश स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला. मेमरी बसवली, विंडोज टाकलं. काढलेले स्क्रू तो नलूच्या तळहातावर ठेवायचा आणि लागेल तसा एकेक मागून घ्यायचा. परत मिळालेला स्क्रू कोमट असायचा... त्या कोमटपणानं त्याचा हात चुकायचा, स्क्रू खाली पडायचा.

“नजर कुठं आहे जी तुमची?” नलू खाली वाकून शोधता शोधता विचारायची.

“मशिनीत.”

“मशीन तर इकडं आहे.”

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली गयाबाई सुपातून मान वर करायची. “या मशिनीत किती इस्क्रू हायेत बाप्पा? चार रविवार झाले, सरूनच नाही राहिले!”

स्क्रू कधीच संपले होते. तो येत होता खेळायला. मारोतरावांचा गेम विमानाचा. डाव्या हातात जॉयस्टिक घेतली, की त्या वाकड्या झालेल्या चेहऱ्यावर क्रेनच्या केबिनमधला माणूस परत येऊन बसायचा. पण वेग वाढवायला, चाकं खाली सोडायला की-बोर्डवर दुसरा हात लागे. ते काम ओमप्रकाश करायचा. दोघं न बोलणारे पुरुष खांद्याला खांदा लावून विमान उतरवायचे. नीट उतरलं, की मारोतराव डावी मूठ त्याच्या मांडीवर हळूच आपटायचे. त्याला आजवर कुणी अशी शाबासकी दिली नव्हती.

“बाबा माझ्यासंग असे खेळत नाहीत,” नलू एकदा चहाचा कप देताना म्हणाली. “तुमी काय जादू केली?”

“मी... नुसती बटणं दाबतो.”

“दाबत राहा मग,” ती म्हणाली, आणि कप त्याच्या हातात पोचला तरी तिची बोटं बशीवरून लगेच निघाली नाहीत.

फेब्रुवारीत डिस्क भरली. एका बाजूला प्राध्यापक बाईंचा तीनशे पानांचा थिसिस, दुसऱ्या बाजूला गेम. जागा उरली नाही. त्यानं मासिकात वाचलं होतं, की एक प्रोग्राम डिस्कवरचं सगळं दाबून बसवतो, जागा जवळजवळ दुप्पट होते. सुरू केलं, की मध्ये थांबवायचं मात्र नाही.

“थिसिस फ्लॉपीवर काढून ठेवू का आधी?” नलूनं विचारलं.

“कावून? तीन तासांचं तर काम.”

हे तो बोलला. नंतर हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं, त्याला मोजता आलं नाही.

सेक्टरमध्ये लाइट जात नाही; तिथं वीज प्लांटची. तिथल्या पोरांना मेणबत्ती वाढदिवसालाच दिसते. ओमप्रकाशचा जन्म सेक्टरमधला, नोकरी सेक्टरमधली. लाइट जाऊ शकते हे त्याला माहीत होतं, पण जसं समुद्र खारट असतो हे माहीत असतं तसं. खुर्सीपारमध्ये आपण दुसऱ्या तारेवर बसलो आहोत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि नलू... ती त्याच्यावर विसंबली. त्यानं सांगितलं म्हणून.

दोन तास दहा मिनिटांनी शेजारचा रेडिओ मध्येच गप्प झाला. मग पडदा काळा झाला.

“गेली वाटते,” गयाबाई म्हणाली. “येईल तासाभरात.”

लाइट आली. डिस्क उठली नाही. त्यानं चार वेळा, आठ वेळा करून पाहिलं. मारोतराव डाव्या हातात जॉयस्टिक धरून वाट पाहत होते. नलूनं वडिलांच्या हातातून जॉयस्टिक हळूच सोडवून घेतली. ते पाहून ओमप्रकाश उठला, चपला घातल्या आणि सायकल हातात धरूनच गल्लीबाहेर पडला. त्या दिवसानंतर तो त्या घरी गेला नाही.

असं नव्हे, की तो स्वस्थ बसला. मेलेल्या डिस्कवरून फायली कशा काढतात, यावर त्यानं मिळेल ते वाचलं. रायपूरला जाऊन दुप्पट मोठी नवी डिस्क आणली आणि कपाटात ठेवली. सगळी तयारी होऊ दे, मग जाऊ. रिकाम्या हातानं कसं जायचं? पत्र आलं तेव्हाही त्याला हेच वाटलं. आधी दुरुस्ती, मग उत्तर. खरं तर डिस्क कपाटात होती, पुस्तक पाठ होतं, आणि तरी तो जात नव्हता. आपल्यासारख्याकडून परत काहीतरी बिघडेल, एवढंच त्याला खात्रीनं वाटत होतं.

मे महिन्यात मारोतराव गेले. त्याला चार दिवसांनी कळलं. तो खुर्सीपारच्या कोपऱ्यापर्यंत गेला, दारासमोर बसलेली माणसं पाहिली, आणि तिथूनच फिरला.

जूनच्या पहिल्या सोमवारी लायब्ररीच्या काउंटरवर कुणीतरी बोटं टकटक वाजवली. त्यानं मान वर केली तर नलू. वाळलेली, साध्या पांढऱ्या-करड्या साडीत.

“नलू, मी...”

“बोलू नका जी. मीच बोलते, मग चालली.” आवाज शांत होता. “बाबा दुसऱ्या झटक्यानं गेले. डॉक्टर म्हणाले, होणारच होतं. ते तुमच्या माथी नाही.”

त्यानं श्वास सोडला.

“थांबा. अर्धंच झालं. थिसिस मी परत टाइप केला, महिन्यात. त्या दुकानदाराकडून दुसरी डिस्क मार्चमध्येच टाकून घेतली. गेमसुद्धा चालू होता.”

“चालू... होता?”

“हो न. आले असते तर दिसला असता.” तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “पण बाबा खेळले नाहीत. मी बसायची बाजूला, बटणं दाबायची. ते जॉयस्टिक खाली ठेवून देत. दर रविवारी सकाळी दाढीचा डबा आत्याकडे सरकवायचे. दाढी करून घ्यायचे, आणि अकरा वाजतापासून दाराकडं पाहायचे. तीन महिने, ओमप्रकाशजी. बारा-तेरा रविवार. हे मात्र तुमच्या माथी आहे. मी खोटं सांगणार नाही.”

लायब्ररीत दोन म्हातारे पेपर वाचत होते. पानं उलटल्याचा आवाज तेवढा आला.

“परवा आमी तुमसरले चाललो, मामाकडं. मामानं एक स्थळ पाह्यलं आहे. सोळा तारखेले येऊन राहिले ते लोक. मी अजून हो नाही म्हटलं... नाहीही नाही म्हटलं.”

“नलू, माझं म्हणणं...”

“नको! तुमी आता रडाल, मी पण रडीन, आणि मंग काहीच ठरणार नाही. चिठ्ठी लिहिली होती मी. मले चिठ्ठीच पाहिजे.” तिनं पत्त्याचा कागद काउंटरवर ठेवला. दारापर्यंत जाऊन ती वळली. “सात पानं नका लिहू. डिस्क कशी गेली ते तर बिलकुल नका लिहू.”

त्यानं सातच पानं लिहिली. त्यात डिस्क कशी गेली तेही होतं. दुसऱ्या दिवशी ती वाचून पाहिली, तर प्रत्येक पानावर माफी होती, आणि नलू कुठंच नव्हती. फाडली. परत लिहिली, लिफाफ्यात घातली, लिफाफा दोन दिवस खिशात वागवला. बंद लिफाफा बरा असतो; आपण काय लिहिलं ते कुणाला दिसत नाही, आणि टाकला नाही तरी कुणाला कळत नाही. हे ध्यानात आलं तसा त्यानं तोही फाडला.

दहा तारखेला दुपारी तो पोस्टात गेला आणि एक साधं कार्ड मागितलं. तिथंच, दोरीनं बांधलेल्या पेननं, उभ्या उभ्या लिहिलं.

‘नलू, लाज वाटली म्हणून आलो नाही. दुसरं कारण नव्हतं. बाबांनी दाराकडे पाहिलं, ते मला आयुष्यभर पुरेल. ते भरून देता येणार नाही. पुढचे रविवार मात्र मी चुकवणार नाही. तुमची इच्छा असेल तर मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. हे मामांनी वाचलं तरी चालेल. ओमप्रकाश.’

पेटीतली डाक आत्ताच निघाली, असं कळलं, म्हणून त्यानं कार्ड खिडकीतूनच आत दिलं. आतल्या चष्मेवाल्या बाबूनं ते पत्त्यासाठी उलटं केलं, मग परत सुलटं केलं. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. ओमप्रकाशचे कान तापले, पण तो खिडकीसमोरून हलला नाही.

“पिनकोड नहीं डाला,” बाबू म्हणाला, आणि कार्ड परत सरकवलं.

ओमप्रकाशनं खिशातला कागद काढला, त्यावरचे सहा आकडे एकेक करून कार्डावर उतरवले आणि ते पुन्हा आत दिलं. बाबूनं शिक्का शाईत दाबला आणि जोरात हाणला.

“तेरह तक पहुँच जाएगा,” तो म्हणाला.