डाव्या हाताचा जोड

डिसेंबरातली कोवळी सकाळ होती. चंपत रामटेके भिलाईतल्या हुडकोच्या बाजारात वेल्डिंगच्या रॉडचा पुडा घ्यायला गेला होता आणि रॉडबरोबर पिशवीभर पेरू घेऊन स्मृती नगरातल्या घरी परतत होता. पेरूवाल्याने त्याला "क्या बात है चाचा, आज बड़े खुश" असं म्हटलं, तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. वर्षभरात चंपतच्या चेहऱ्यावर हसू कुणी पाहिलं नव्हतं.

हसण्याचं कारण त्याच्या घराच्या मागच्या आवारात होतं. पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा काम सुरू झालं होतं.

चंपत हा कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर. त्याचा मुलगा अतुल त्याच्याच तालमीत तयार झाला, फक्त डावखुरा. बापलेकांनी या शेडमध्ये एक बगी बनवली होती. जुन्या व्हॅनचं इंजिन, जीपची चाकं, आणि बसणाऱ्याच्या भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तरी आतल्या माणसाला इजा होऊ नये म्हणून तो पिंजरा असतो. चिखलातून, खड्ड्यांतून, दगडांवरून अशा गाड्या पळवायच्या शर्यती होतात, आणि अतुलला त्यांचं वेड होतं.

मागच्या वर्षी भिलाई-3 च्या पलीकडे, मुरुमाच्या एका बंद खदानीत शर्यत झाली. बगी वळणावर उलटली आणि पाणी साचलेल्या खड्ड्यात पडली. पाणी गुडघाभर होतं. चंपत सगळ्यांच्या आधी पोचला. अतुल डोकं खाली, पट्ट्यांनी सीटला आवळलेला, आणि पट्ट्यांच्या बकलमध्ये मुरुमाचा चिखल गेलेला. चंपतचे हात बकलवर होते, अतुलचे हात त्याच्या हातांवर होते, आणि बकल उघडलं नाही. पिंजऱ्याची वाट इतकी अरुंद की बाजूने ओढताही येईना. लोकांनी धावत येऊन गाडी सरळ केली, तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर बगी ताडपत्रीखाली पडून राहिली. घरात कुणी कुणाशी धड बोलेना. चंपतची मुलगी साक्षी तर मुकीच झाल्यासारखी वागत होती. आणि मग या दिवाळीनंतर तिने एका दुपारी ताडपत्री ओढून काढली.

"बाबा, इसको ठीक करते हैं. पुढच्या शर्यतीत मी चालवीन."

"डोकं फिरलं का तुयं?" तिची आई ललिता दारातून म्हणाली. "एक गेला, तेवढं पुरलं नाही?"

"आई, दादाची गाडी आहे. ऐसे सड़ने नहीं दूँगी."

चंपतने नाही म्हणायला हवं होतं. पण पोरगी बोलली होती, डोळ्यांत डोळे घालून बोलली होती, आणि तेवढ्यावर तो विरघळला. त्याने दोन अटी घातल्या. पिंजऱ्याच्या बाजूची आडवी पाइप कापून बाहेर पडायची वाट मोठी करायची, आणि पट्टा नवा आणायचा, एका बोटाने सुटणारा. साक्षीने मान डोलावली. हुडकोहून आणलेले रॉड त्या कामासाठीच होते.

पेरू ललिताच्या हाती देऊन चंपत शेडमध्ये गेला. आदल्या संध्याकाळी त्याने मागच्या दोन पाइपा जागेवर धरून त्यांना तात्पुरते नुसते टिपके मारून ठेवले होते. आता तिथे पूर्ण जोड होता. साफसूफ, वरची जळकी खपली झाडलेला.

साक्षीने केला असेल, असं म्हणत तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला. वेल्डरचा जोड हा त्याच्या अक्षरासारखा असतो. थंड होताना त्यावर बारीक लहरी उमटतात, आणि त्या लहरींवरून हात कुठून कुठे गेला ते कळतं. हा हात डावखुऱ्यासारखा उजवीकडून डावीकडे गेला होता. शेवटी, हात उचलायच्या आधी, एक छोटा गोल ठिपका दिलेला होता. तो ठिपका देऊ नकोस म्हणून चंपतने अतुलला शंभरदा हटकलं होतं, आणि अतुलने ते शंभरदा हसण्यावारी नेलं होतं.

"साक्षे, हे तू केलं का?"

"नाही बाबा. मले वाटलं तुमीच..."

खरं सांगायचं तर चंपतला भीती वाटली नाही. त्याला आनंद झाला. तो अंगठा त्या लहरींवरून फिरवत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

आता इथे चंपतची पंचाईत समजून घ्यायला हवी. हा माणूस विहारातला वक्ता. दर जयंतीला माइक धरून सांगायचा, भूत-प्रेत सगळं झूट आहे, कुणाला भूत भेटलंच तर त्याला माझ्या घरी चहाला पाठवा. शेजारच्या तेजरामच्या घरी सून आजारी पडली तेव्हा झाडफूक करायला आलेल्या बैगाला त्याने फाटकातूनच परत लावलं होतं आणि सुनेला दवाखान्यात नेलं होतं. सून बरी झाली. अशा माणसाने आता कुणाला काय सांगायचं? त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. उलट त्या संध्याकाळी त्याने मुद्दाम आणखी चार जोड अर्धवट ठेवले. उशिरा येणाऱ्या पोरासाठी ताट झाकून ठेवावं, तसे.

सकाळी चारही जोड पूर्ण होते.

पुढचे काही दिवस चंपत असाच जगला. सकाळी उठायचं, शेडमध्ये जायचं, लेकाचा हात पाहायचा. तो ललिताशी चार शब्द बोलू लागला, जेवू लागला. साक्षी इंजिनात डोकं खुपसून असायची आणि जोडांकडे तिचं लक्ष नव्हतं. शेडमध्ये हल्ली ओल्या मुरुमाचा वास येतो, हे मात्र तिने एकदा बोलून दाखवलं. बाहेर अंगण तर कोरडं ठणठणीत होतं.

मग एके दिवशी चंपतने ग्राइंडर घेतला आणि बाजूची ती आडवी पाइप कापून काढली. साक्षीने आत बसून, बाहेर उडी मारून दाखवली. वाट छान मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाइप जागेवर होती. दोन्ही टोकांना डाव्या हाताचा जोड, आणि ठिपका.

चंपतने ती पुन्हा कापली. तुकडा नेऊन दूर नाल्यात फेकला. सकाळी पाइप पुन्हा जागेवर, तीच, त्याच जुन्या पोच्यासकट. तेव्हा कुठे त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि आजवर जे दिसत असून पाहिलं नव्हतं ते पाहिलं. सीट पुढे सरकलेली होती, अतुलच्या मापाची. चंपतने पिंजऱ्याला नवीन बसवलेला आधार गायब होता. गाडी सुधारत नव्हती. गाडी त्या दिवशी होती तशी होत चालली होती.

आणि सीटवर पट्टा होता. नवा नव्हे. जुना पट्टा, जो चंपतने स्वतःच्या हाताने रॉकेल टाकून जाळला होता. बकलमध्ये मुरुमाचा चिखल होता. चंपतने बोट लावलं. चिखल ओला होता.

त्याने तिरीमिरीत भिंतीवरच्या मेन स्विचचा कटआउट, म्हणजे फ्यूजचा तुकडा, उपसला आणि खिशात घातला. आता वेल्डिंगचं मशीन चालणार नाही. वीजच नाही तर जोड कसला?

त्याच दिवशी दुपारी जेवण करून तो ओट्यावर बसला होता. ऊन लख्ख पडलं होतं. तेजरामच्या गच्चीवर पापड वाळत होते. आणि शेडच्या फटींतून निळा प्रकाश फुटला. चरचर आवाज आला, रॉड जळतानाचा, त्याच्या ओळखीचा. चंपतने खिसा चाचपला. कटआउट खिशात होता.

तो दारापर्यंत गेला. आत साक्षी होती. गुडघ्यावर बसली होती, रॉडचा होल्डर डाव्या हातात होता आणि तोंडासमोर काच नव्हती. ती उघड्या डोळ्यांनी त्या जाळाकडे टक लावून बघत होती. वेल्डरला विचारा, त्या प्रकाशाकडे क्षणभर बघितलं तरी डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग होते. ती पापणीही हलवत नव्हती. जोड शेवटाला आला. तिने हात उचलायच्या आधी एक ठिपका दिला.

"साक्षी..."

प्रकाश गेला. तिने वळून पाहिलं, होल्डर खाली ठेवला आणि त्याच्या बाजूने सरळ घरात निघून गेली. चंपत मागे गेला तर ती आईजवळ चटईवर झोपलेली. संध्याकाळी उठली ती अगदी नेहमीसारखी. डोळे स्वच्छ, लालीचा मागमूस नाही. शेडमध्ये गेल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्याने ललिताला सगळं सांगितलं. ऐकताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भंतेजींले बोलवा," ती म्हणाली. "परित्राण पाठ ठेवू."

"पाठ झाला होता ना... तेव्हाच."

"मंग तेजरामच्या त्या बैगाले बोलवा. तुमाले लाज वाटत असन तर मी जातो. माई पोरगी जाऊन राहिली हातची."

"अन् त्याले का सांगू?" चंपत म्हणाला. "कोणाले काढ म्हणू घरातून? अतुलले?"

ललिताने तोंडाला पदर लावला.

एकच उपाय उरला होता. गाडीच राहिली नाही तर साक्षी तिच्यात बसणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चंपतने ओळखीच्या माणसाकडून गॅस कटर आणला आणि नळ्या ओढत शेडमध्ये आला. साक्षी सीटवर बसलेली होती. पट्टे लावलेले होते, बकल बंद होतं.

"बाहेर ये. गाडी कापून राहिलो मी."

ती समोर बघत राहिली. मुरुमाच्या पाण्याचा वास इतका दाट झाला होता की श्वास घेववत नव्हता.

"साक्षी, उतर म्हणतो ना..."

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शांत, लांबून आलेला. "बेल्ट खुलून नाही राहिला."

चंपतने कटर टाकला आणि बकलवर झडप घातली. दाबलं, ओढलं, पान्याने हाणलं. बकल उघडलं नाही. साक्षीचे केस तिच्या खांद्यांवर होते आणि ते वर उचलले जाऊ लागले, टोकं छपराकडे, जणू ती डोकं खाली करून लटकली होती. तिच्या नाकातून मुरुमाचं तांबडं पाणी आलं. ते खाली पडलं नाही, वर कपाळाकडे वाहत गेलं.

"बाबा... लवकर..."

त्याच्या हातांवर हात आले. थंड, आणि तिच्या हातांपेक्षा मोठे. साक्षीचे स्वतःचे हात तिच्या मांडीवर निपचित होते. चंपतने तिकडे पाहिलं नाही. ललिता आवाज ऐकून धावत आली होती. तिला त्याने फक्त "सुरी" एवढंच ओरडून सांगितलं. तिने स्वयंपाकघरातला विळाच उचलून आणला. त्याने विळ्याने एक पट्टा कापला, दुसरा कापला, बोटं कापली, तिसरा कापला. चौथा सुटला तशी साक्षी त्याच्या अंगावर कोसळली. त्या अरुंद वाटेतून दोघांनी तिला ओढून काढलं. कातडी सोलली, कुर्ता फाटला, पण ती बाहेर आली. ती खोकली आणि चंपतच्या सदऱ्यावर ओंजळभर तांबडं पाणी पडलं.

"निघालं मायं लेकरू," ललिता रडत म्हणत होती. "निघालं..."

साक्षीने डोळे उघडले. तिने बापाकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे, गाडीकडे.

"मले काढलं," ती हळू म्हणाली. "दादाले काहून नाही काढलं?"

चंपतने वळून पाहिलं. सीट रिकामी होती. चारही पट्टे अखंड होते, बकल बंद होतं. रिकाम्या पट्ट्यांनी सीटवर लोळत पडावं, तसे ते पडले नव्हते. कुणाच्या तरी छातीवर आवळल्यासारखे ते ताणलेले होते, आणि भराभर वर खाली होत होते.

ललिता साक्षीला घेऊन भावाकडे भंडाऱ्याला निघून गेली. साक्षी तिथे बरी आहे. गाडीचं नावही काढत नाही, मामाच्या दुकानात बसते, रात्री नीट झोपते.

चंपत गेला नाही. कटर त्याने परत करून टाकला. सकाळी चहा झाला की तो शेडमध्ये जातो आणि दिवे लागेपर्यंत पट्टे कापत बसतो. विळा झाला, आरी झाली, ग्राइंडर झाला. एक पट्टा कापून दुसऱ्याला हात घालावा तोवर पहिला जुळलेला असतो. तेजरामने एकदा भिंतीवरून विचारलं, "का करत हस भैया?" चंपतने पुढच्या पट्ट्याला आरी लावली. वेळ घालवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

ललिता रोज फोन करते. काल तिने पुन्हा विचारलं, "तुमी कधी येता?"

"येईन."

"असं कितीदा म्हणता. सोडून द्या आता ते..."

फोनवर कापण्याचा आवाज येत राहिला.

"सोडू कसा?" चंपत म्हणाला. "पयले पट्टा लय जोरात हालत होता, ललिता. आता धाप कमी होऊन राहिली. तो... दमून राहिला."