सातवी गाठ

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, लख्ख उन्हातली. म्हणून तर कुणी ऐकून घेत नाही. रात्रीची असती तर सगळ्यांनी पटकन माना डोलावल्या असत्या.

खोटं सांगून मला काय मिळणार?

नुझा माझी सख्खी मावसबहीण. जे घडलं ते तिने मला त्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून सांगितलं. आणि शेवटचं जे आहे ना... ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल. फेझ शहराजवळचं सफ्रू गाव. चेरीची झाडं नुकती फुललेली. नदीकाठच्या जुन्या वस्तीत खाली एक खोली, वर एक खोली, मधे अरुंद जिना, एवढंसंच घर. नुझाच्या नवऱ्याच्या, अन्वरच्या आत्याचं. तिला सगळे आदराने लल्ला, म्हणजे बाई, लल्ला तामू म्हणायचे. मूलबाळ नाही, कित्येक वर्षं एकटीच राहिली. त्या हिवाळ्यात गेली आणि घर भाच्याला देऊन गेली.

अन्वर फेझ ते सफ्रू टॅक्सी चालवतो. तोवर दोघं फेझमध्ये माझ्याच माडीवर राहत होती. नुझाला नववा महिना लागला होता. पहिलं मूल. तिचा एकच हट्ट, बाळ आपल्या घरात जन्माला आलं पाहिजे.

"अगं, घर म्हणतेस त्याला? भिंतीतून पाणी गळतं," अन्वर म्हणाला.

"मग दुरुस्त कर. तू नाही केलंस तर थापी मी हातात घेईन."

ती घेईलही, हे त्याला माहीत होतं. दोघं वरच्या खोलीत राहायला गेली आणि खालच्या खोलीचं काम सुरू झालं. ती बाळाची खोली होणार होती.

कामाला बुशाइब मिस्त्री. साठीचा माणूस, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. जुना गिलावा खरवडायचा, ओल काढायची, नवा चुना घोटायचा. रोज दुपारी असरची बांग झाली की तो घमेलं उपडं घालून नमाजाला जायचा.

आणि बरोबर त्याच वेळी नुझाच्या पोटात बाळाला उचकी लागायची.

टुक... टुक... टुक...

मग जरा थांबून... टुक.

तीन आणि एक. रोज. चुकायचं नाही. अन्वर टॅक्सी सोडून घरी असला की ती त्याचा हात ओढून पोटावर ठेवायची. "बघ, बांग ऐकून उठला तुझा लेक. बापाच्या आधी नमाज शिकणार." अन्वर हसायचा. तिला वाटायचं, आपल्यासारखं सुखी कुणी नाही.

कामाच्या नवव्या दिवशी बुशाइबची छिन्नी भिंतीत आत गेली.

भिंत पोकळ होती. आत कोनाडा. कुणीतरी मातीने लिंपून बंद केलेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर.

कोनाड्यात काळ्या फडक्याची एक पुरचुंडी होती. फडक्यात राखाडी लोकरीचा दोरा. दोऱ्याला सात गाठी.

बुशाइबने बिस्मिल्ला म्हटलं आणि दोन पावलं मागे सरला. "सूनबाई, हे होतं तसं आत ठेव. मी वरून चुना मारतो. घरातल्या बाईने बंद केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल."

"काय कारण असेल?" नुझाने विचारलं.

"मी गवंडी आहे, फकीर नाही. मला काय विचारतेस?"

अन्वर दारात उभा होता. "आत्याने मांजरीपासून लोकर लपवली असेल. मिस्त्री, तुम्ही म्हणजे ना! काम करा."

नुझाने पुरचुंडी उचलून वर नेली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

आता बघा, आमच्याकडे एक रीत आहे. पोटुशी बाईचे दिवस भरत आले की घरात गाठ म्हणून ठेवायची नाही. वेण्या सोडायच्या, पोत्यांची तोंडं सोडायची, पेट्या उघड्या टाकायच्या. गाठी सुटल्या की बाईही सुखरूप सुटते. नुझाच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, फोनवरून रोज तेच सांगून डोकं खाल्लेलं. "गाठ दिसली की सोड, कळलं ना? आळस करू नकोस." आणि नुझा कसली आळस करतेय! साखरेची पुडी सोडली, कपडे वाळत घालायची दोरी सोडली, एकदा तर बुशाइबच्या ओळंब्याची दोरी सोडून बसली. तो केवढा ओरडला. "भिंत वाकडी आली ना, तर तुझ्या पोराला सांगेन, आईची करामत!"

त्याच सवयीने ती जिन्यावर बसली आणि दोऱ्याच्या गाठी सोडायला लागली.

एक. दोन. तीन. लोकर जुनी होती, पण गाठी पटापट सुटत होत्या. जणू...

जाऊ दे.

सातवी मात्र घट्ट होती. तिने दातांनी ओढली.

सुटली.

तेवढ्यात असरची बांग झाली. तिने हसत पोटावर हात ठेवला आणि वाट बघितली.

काही नाही.

बांग संपली. बुशाइब नमाजाहून परत आला. त्याने चुना कालवायला घेतला.

काहीच नाही.

ती पेलाभर पाणी प्यायली. डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. पोट निपचित. रोज लाथा मारणारं मूल, आणि आता साधी हालचाल नाही.

आणि मग खालून बुशाइबची हाक आली.

"सूनबाई... तू भिंतीपलीकडे काही ओढतेयस का?"

"मी वर आहे. झोपलेय."

मग तो म्हणाला, "पलीकडे कुणाचं घर नाही ना?"

पलीकडे नदीचा उतार होता. घर नव्हतंच.

ती जिना उतरून खाली आली. दोघांनी भिंतीला कान लावला. आत काहीतरी... सरकलं. हळूच. झोपलेलं माणूस कूस बदलतं ना, तसं.

दुसऱ्या दिवशी अन्वरने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. ठोके नीट पडत होते. नुझा रडायलाच लागली.

"अहो रडताय काय? ठणठणीत आहे बाळ. झोपलंय नुसतं," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

नुझा मात्र हसली नाही. 'झोपलंय' हा शब्द तिला खटकला. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी बुशाइबने आपली थापी, घमेलं, ओळंबा सगळं गोळा केलं. सगळ्या भिंती वाळल्या होत्या. त्या कोनाड्याची जागा तेवढी ओली होती. दोनदा चुना मारला, दोनदा तो ओघळून खाली आला. आणि हात लावला तर... कोमट.

"तीस वर्षं चुना घोटतोय. चुना थंड असतो, अन्वर. थंड," एवढं बोलून तो गेला.

मग नुझा शेजारच्या लल्ला यामनाकडे गेली. नव्वदीची म्हातारी, एके काळी वस्तीतली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. नुझाने बाळ हलत नाही म्हणून सांगितलं आणि तिच्यासमोर दोरा ठेवला.

म्हातारीने दोऱ्याला हात लावला नाही.

"गाठी कुणी सोडल्या?"

"मी."

"सातही?"

"सातही... लल्ला, घरात गाठ ठेवायची नसते म्हणून..."

"अगं बये," म्हातारीने कपाळाला हात लावला. "अगं बये, काय करून बसलीस!"

मग तिने सांगितलं. तामूचं लग्न झालं, दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात नवरा फ्रान्सला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. म्हणाला, वर्षभरात येतो. तामूला बापाविना मूल जन्माला घालायचं नव्हतं. तिने मूल झोपवलं. पोटातलं मूल झोपवता येतं, आमच्या आज्या-पणज्या हेच सांगत आल्यात. महिने, वर्षं, कितीही. दोऱ्यात गाठी मारायच्या, दोरा अंधारात ठेवायचा. नवरा परतला की गाठी सोडायच्या, मूल जागं होतं.

"आणि नवरा?" नुझाने विचारलं.

"मेल्याने तिकडेच दुसरा संसार मांडला. ही मात्र बसली वाट बघत. म्हणायची, यामना, तो आला की उठवीन. केस पांढरे झाले तरी म्हणायची." म्हातारीने डोळे पुसले. "तामूला पुरलं. दोरा भिंतीत राहिला. मूल दोऱ्यापाशी राहतं गं. आता तू त्याला उठवलंस. ते आई शोधणार. आणि घरात आई एकच आहे. म्हणूनच तुझं बाळ दबून बसलंय."

नुझाने दोरा उचलला. "मी परत गाठी मारते. आत्ता मारते."

"थांब. गाठ जागं असेल त्याला झोपवते. तुझं कोणतं, तिचं कोणतं, ते दोऱ्याला कळत नाही." म्हातारीने पहिल्यांदाच तिचा हात धरला. "तुझ्या पोटात हललं, तर आधी मला बोलाव. मी हात लावून बघते, तुझं आहे की तिचं. तोवर दोरा जपून ठेव. जाळू नको, टाकू नको. काही झालं तरी."

त्या दुपारी अन्वर घरी होता. नुझाने त्याला सगळं सांगितलं. तो भडकला. तीन दिवस बायको झोपली नव्हती, जेवली नव्हती, मिस्त्री काम टाकून गेला होता. "म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय! आणि तू शिकली-सवरलेली बाई..."

तेवढ्यात नुझा किंचाळली.

बाळ हललं होतं.

केवढं हललं! या कुशीवरून त्या कुशीवर, झग्यावरून दिसत होतं. नुझा रडत होती, हसत होती. अन्वरने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि त्याचेही डोळे भरले. "बघ! बघितलंस? म्हणे झोपलंय!"

"लल्ला यामनाला बोलाव," नुझा म्हणाली.

"कशाला? परत गाठी मारून आपलंच मूल झोपवायला?"

त्याने दोरा उचलला आणि चहाच्या शेगडीत टाकला.

नुझाने मला हे सांगितलं तेव्हा खाली मान घातली होती. "मी त्याचा हात धरू शकले असते. शेगडी माझ्या बाजूला होती. मला वाटलं, बरंच झालं. जळू दे मेलं. माझं बाळ हललंय, मला आणखी काय हवं?"

लोकर क्षणात जळाली. त्यानंतर भिंतीतलं सरकणं थांबलं. ओल एका रात्रीत वाळली. सकाळी अन्वर स्वतः खाली जाऊन हात लावून आला. "थंडगार," तो म्हणाला. "संपलं सगळं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नुझा खालच्या खोलीत बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. एकटीच. मन शांत. पोटातलं बाळ संथ कुशी बदलत होतं.

असरची बांग झाली.

तिने सवयीने पोटावर हात ठेवला. पोटात उचकी नव्हती.

मग...

टुक... टुक... टुक...

आवाज भिंतीतून येत होता.

जरा थांबून... टुक.

तीन आणि एक.

मुलगा पाच दिवस उशिरा झाला. सकाळी, दवाखान्यात, सगळं सुरळीत. डोक्यावर दाट जावळ, नखं बोटांच्या पुढे आलेली. रडला नाही. डोळे उघडे ठेवून सगळ्यांकडे टकामका बघत होता. नाव ठेवलं याह्या.

सातव्या दिवशी बारशाला आम्ही सगळ्याजणी होतो. बोकड कापला, शेजारपाजार जेवला. लल्ला यामनाला दोघींनी धरून आणलं. तिने बाळाला मांडीवर घेतलं, खूप वेळ पाहिलं आणि कपाळाचा मुका घेतला.

"केवढा उशीर केलास रे राजा," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाच दिवस उशीर झालाच होता ना!

नुझा मात्र हसली नाही.

याह्या आता चार वर्षांचा होईल. गोड पोरगा आहे, मलाही लळा आहे त्याचा. नुझाने जन्म दिलाय, नुझाच त्याची आई. कुणी वावगं बोललं तर ती अंगावर धावून जाते. पण त्याला आजवर एकदाही उचकी लागलेली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवलंय.

अन्वर घर विकू म्हणतो. फेझला चांगली जागा मिळतेय. ती ऐकत नाही. खालच्या खोलीच्या त्या भिंतीला कुणाला हात लावू देत नाही, खिळासुद्धा ठोकू देत नाही. शेजारणी म्हणतात, बाळंतपणात डोक्यावर परिणाम झाला.

मी तसं म्हणत नाही. कारण याह्या अंगावर पीत होता तेव्हाची एक दुपार मी पाहिलीय. आम्ही दोघी खाली बसलो होतो. पोरगं पिऊन तृप्त, माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं. असरची बांग झाली.

टुक... टुक... टुक...

मला वाटलं, नळ असेल. मी नुझाकडे बघितलं.

तिचा झगा छातीवर ओला होत होता. दोन्ही बाजूंनी.

"दुसऱ्याच्या मुलासाठी पान्हा फुटतो का गं?" तिने मला विचारलं.

मी झोपलेल्या याह्याला जवळ ओढलं.

ती उठून भिंतीपाशी गेली, जमिनीवर बसली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर तळहाताने हळूहळू थोपटायला लागली. आई बाळाची पाठ थोपटते तशी. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. थोड्या वेळाने उचकी थांबली.

मी अजूनही त्यांच्याकडे जाते. जेवते, चहा घेते, याह्याला खाऊ देते. पण असरची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून उठते. नुझा मला थांब म्हणत नाही. ती दारापर्यंत येते, दार लावून घेते आणि तिची पावलं खालच्या खोलीकडे जाताना मला ऐकू येतात.