रिकाम्या घराची शिरगणती

निवृत्तीनंतर माणसाने बागेतल्या हास्यक्लबात जावं म्हणतात. मला ठरवून हसता येत नाही, म्हणून ऐरोलीच्या एका कंपनीत कंत्राटावर लागलो.

काम सोपं. जपानच्या किनाऱ्यावर आधी भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग अणुभट्टी फुटली. गावंच्या गावं रिकामी झाली. ती पुन्हा वसवायची तर जुनी घरं पाडायला हवीत. पाडण्याआधी आत कोणी नाही ना, हे कॅमेरा बघतो. माणूस दिसला की आमचं सॉफ्टवेअर त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतं. ती खरी की खोटी, एवढंच मी सांगायचं. सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे खुर्चीत माणूस आहे की नुसता कोट टांगलाय, हे मला लांबूनही कळतं.

त्या दुपारी एक खोली दिसली. जमिनीवर चटया, खिडकीपाशी बसायची उशी. माणूस नाही. उशीवर मात्र हिरवी चौकट... बसलेल्या माणसाएवढी.

एसीची घरघर चालू होती. ओल्या चटईचा वास आला. इथे ऐरोलीत, सातव्या मजल्यावर, फरशीच्या हॉलमध्ये.

टीम लीडर हितेश मागे येऊन उभा राहिला. "काका, खोटी म्हणा. उद्या पाडायचंय ते."

"आत कोणीतरी आहे."

"ओल आली असेल कॅमेऱ्यात."

"ओल खिडकीबाहेर बघत बसत नाही."

"टेन्शन देऊ नका. कंत्राट रिन्यू करायचंय ना?"

"नको करूस. भूकंपाने, समुद्राने, भट्टीने जी उठली नाही, तिला मी उठवणार नाही."

हितेश थांबला. "जी? बाई आहे हे कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं...

त्याने वाकून स्वतःच 'खोटी'चं बटण दाबलं. पडदा काळा होण्याआधी चौकट सावकाश आमच्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाडल्याचा निरोप आला. पाठोपाठ मला काढल्याचाही. ओळखपत्र परत करायला गेलो. आमच्या दारावरही तेच सॉफ्टवेअर आत येणारी डोकी मोजतं. त्याच्या पडद्यापाशी सिक्युरिटीच्या गिरजाबाई बसतात, घणसोली गावातल्या.

"सायेब, संगती कोन हाय?"

"कोणी नाही. का?"

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. पडद्यावर मी, माझ्याभोवती चौकट. शेजारी दुसरी, जेमतेम माझ्या खांद्याइतकी. आत कोणी नाही.

"मशीन येडं झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "खोटं म्हनून दाबू?"

ओल्या चटईचा वास माझ्या अगदी जवळून आला. भीती वाटली, नाही म्हणत नाही.

"नको, गिरजाबाई. बरोबर मोजतंय ते."

मी दार उघडलं आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

"या," म्हणालो. "हितेशची केबिन डाव्या हाताला."