पापडावरचे लाल डाग

“रंग घातलाय! सरळसरळ रंग घातलाय हिने पिठात!”

गुणाजीकाकांचा आवाज गच्चीवरून थेट तळमजल्यापर्यंत पोचला. शाळकरी पूर्वी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली, तेव्हा अर्धी चाळ तिथे जमली होती. रमाकाकूंची तीन धोतरं उन्हात अंथरलेली होती आणि त्यांवर सकाळी सहापासून लाटून घातलेले तांदळाचे पापड. काकूंनी ते उलटायला घेतले होते. उलटलेल्या पापडांपैकी कितीतरी पापडांवर विटकरी लाल डाग होते.

मुंबईत घोडपदेवच्या त्या चाळीत दर मे महिन्यात घरोघरचे तांदूळ रमाकाकूंकडे जायचे आणि वर्षभराचे पापड होऊन परत यायचे. पंचवीस वर्षांत एक पापड कधी कडू निघाला नव्हता, आणि आज हे!

“पिठात काय काय घालतेस, बोल सगळ्यांसमोर,” गुणाजीकाका म्हणाले. ते चाळीचे सेक्रेटरी होते, आणि ते सेक्रेटरी आहेत हे ते झोपेतसुद्धा विसरत नसत.

“मीठ, जिरं, पापडखार,” रमाकाकू पुटपुटल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. “दुसरं काय नाय.”

“मग हे लाल कुठून आलं? आभाळातून? उद्या कोणाच्या पोरांना विषबाधा झाली म्हणजे? ते काही नाही, आजपासून गच्चीवर वाळवण बंद! संध्याकाळी सभेत ठरावच करतो.”

एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि सगळे पापड भराभरा गोणीत लोटले. चांगले, वाईट, सगळे. पूर्वीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने आईकडे पाहिलं. याच काकूंच्या हातचे पापड आई माहेरी मिरवत न्यायची. आता मात्र आई खाली जमिनीकडे बघत उभी होती. बाकीच्या बायकाही तशाच. एकीच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!

जिन्यात तिला डॅरेन भेटला. हा मागच्या बिल्डिंगमधला, पूर्वीच्याच वर्गातला. त्याने टोपी उलटी धरली होती आणि टोपीत चार पापड होते.

“चोरलेस?”

“वाचवले बोल. ते काका झाडत होते ना, तेव्हा खालून ओढले. बघ ना यार, काहीतरी लोचा आहे.”

पूर्वीने एक पापड उजेडात धरला. खालची बाजू लाल होती, वरची मात्र पांढरी. तिने तो मोडून पाहिला. लाली नुसती खालून चढलेली होती, साय धरल्यासारखी.

“पिठात रंग असता तर पापड आरपार लाल झाला असता,” ती म्हणाली. “हा डाग खालून आलाय. धोतरातून.”

“मग हे त्या शहाण्यांना दिसलं नाही?”

“बघायचं होतं कोणाला? ओरडायचं होतं फक्त.”

दोघं रमाकाकूंच्या खोलीत शिरले. काकू पिशवीत लुगडी भरत होत्या. चुलीवर सकाळचा चहा तसाच निवत पडला होता.

“मी गावाक जातंय,” त्या म्हणाल्या. “पापड बरे जमले नाय म्हटला असता, तरी सोसला असता. पण मी रंग घातलंय म्हणतत. पोरांच्या तोंडात जातला, त्याच्यात मी रंग घालीन?”

पूर्वीने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी तो ठराव झाला की काकू जाणार, आणि जाताना खोटारडेपणाचा शिक्का कपाळावर घेऊन जाणार. संध्याकाळला सहाच तास उरले होते.

“काकू, ती धोतरं कुठे आहेत?”

“ती काय, कोपऱ्यात. चौथा अंथरूकच नाय, घडी तशीच हा.”

डॅरेनने वापरलेलं एक धोतर पसरलं. जुनं, पिवळट पडलेलं कापड, आणि त्यावर जिथे ओला पापड टेकला होता, तिथे तिथे लाल ठिपका. बाकीचं धोतर कोरं. म्हणजे धोतरात काहीतरी होतं, आणि ओल्या पापडखाराने ते लाल केलं होतं!

“लिंबू आहे, काकू?”

काकूंनी लिंबू पुढे केलं. पूर्वीने त्या लाल ठिपक्यावर थोडं पिळलं. बघता बघता लाल गेलं आणि पिवळंधमक उमटलं.

“आयला!” डॅरेन म्हणाला. “जादू?”

“जादू कसली, हळद! शाळेत हळदीचे कागद केले होते आपण, विसरलास? साबणाच्या पाण्यात बुडवले तर लाल, लिंबाच्या रसात पुन्हा पिवळे. खार लागला की हळद लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. पापडखार हा खारच की.”

“पण धोतराला हळद कोण लावेल?”

प्रश्न विचारता विचारताच डॅरेन थांबला. काल रात्री गच्चीवर गुणाजीकाकांच्या पुतण्याची, राजेशची हळद होती. डॅरेन स्वतः बारापर्यंत नाचला होता. आणि काकूंची धोतरं गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत असायची. पेटीची चावी सेक्रेटरींकडे.

पूर्वीने चौथ्या धोतराच्या एका कोपऱ्याला साबणाचं पाणी लावलं. कोपरा लाल झाला. तिने धोतराची पुन्हा घडी घातली.

“आत्ताच जाऊन सांगूया,” डॅरेन म्हणाला.

“कोणाला? ते म्हणतील, पोरांनी हळद लावून आणली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं.”

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. गुणाजीकाका ठराव वाचायला उभे राहिले, तोच पूर्वी पुढे झाली.

“सभेत पोरांचं काय काम?” काका खेकसले.

“दोनच प्रश्न. पेटीची चावी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे. कोणालाही देत नाही मी.”

“काल पेटी कोणी उघडली होती?”

“कोणीही नाही. काकूंची धोतरं ना? बोटसुद्धा लावलं नाही कोणी.”

पूर्वीने चौथं धोतर सगळ्यांसमोर पसरलं. डॅरेनने धुण्याच्या सोड्याचं पाणी बादलीत कालवून आणलं होतं. दोघांनी मगाने ते सबंध धोतरावर शिंपडलं आणि मागे सरले.

कापडावर लाल शिंतोडे उठले. मग पावलं उमटली. मग एक अख्खा पंजा, पाचही बोटांसकट. आणि या सगळ्या लालीच्या मधोमध एक चौकोन मात्र कोरा राहिला. दत्ताराम आजोबा, चाळीतले सगळ्यात जुने भाडेकरू, काठी टेकत जवळ आले आणि वाकून पाहू लागले.

“हा तर पाट ठेवलेला,” ते म्हणाले. “नवऱ्यामुलाचा पाट. गुणाजी, काल हळद आणखी कोणाच्या घरी होती रे?”

गुणाजीकाकांनी घाम पुसला. “त्याचं काय झालं, सतरंजी कमी पडली. म्हणून घेतली धोतरं. पण पहाटे धुवून ठेवली होती मी! स्वतःच्या हाताने, चांगली तीनदा खळबळून.”

“साबणाने धुतलीत?” पूर्वीने विचारलं.

“साबणाने कशी धुणार? हळदीचा डाग साबणाने लाल...”

ते तिथेच थांबले.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” पूर्वी म्हणाली. “लाल डाग दिसल्याबरोबर तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही काकूंच्या पापडांना सगळ्यांसमोर विषारी ठरवलंत.”

“कळलं म्हणजे... मला वाटलं, दोन दिवसांत लोक विसरतील.”

“विसरतील?” दत्ताराम आजोबांनी काठी आपटली. “ती बाई गावाला निघाली होती, गाढवा! फाड तो ठराव. आणि हात जोड तिला.”

गुणाजीकाकांनी ठराव फाडला. रमाकाकूंसमोर जाऊन, खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

“माका ऐकूक येत नाय,” काकू म्हणाल्या. “सकाळी बरो मोठ्यान बोलत होतस.”

तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, “काकूंची काही चूक नाही. चूक माझी. मी खोटं बोललो.”

लगेच सगळे बोलू लागले. पोरांनी कमाल केली, कसली हुशार पोरं, आमच्या चाळीचं नाव काढलं. दत्ताराम आजोबांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. डॅरेन खूश झाला. पूर्वी मात्र नाही.

“आमचं कौतुक राहू द्या,” ती म्हणाली. “हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मग सकाळी कोणीच कसं बोललं नाही?”

कौतुक थांबलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पूर्वीची आई उठली आणि काकूंच्या जवळ जाऊन बसली.

“मी बोलायला हवं होतं. चुकले मी.”

रमाकाकूंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“गुणाजी ओरडलो, ता मी विसरान,” त्या म्हणाल्या. “पण तू गप रवलंस ना, ता माका जास्त लागला.”

आईने त्यांचा हात धरला, आणि या वेळी तिने मान खाली घातली नाही.