वाटीच्या तळाशी पांढरं

"आणि बोलणार कोण? योगिनी!" शालूबाईंनी जाहीर केलं आणि सुचिताच्या हातातला चमचा खणकन खाली पडला.

दिवाळीच्या सुट्टीत मोताळ्याजवळच्या एका गावात शालूबाईंनी विज्ञानाचा वर्ग भरवला होता. सुचिताच्या गटाचा विषय होता, 'आपल्या गावाचं पाणी'. स्टीलच्या वाटीत दोन चमचे पाणी आटवायचं आणि तळाशी किती क्षार उरतात ते पाहायचं, ही कल्पना सुचिताची. दिव्यावर बोटं पोळली तीही तिचीच. आणि शनिवारी सरपंचांसमोर बोलणार कोण, तर चार दिवसांपूर्वी मलकापूरहून मामाकडे आलेली योगिनी!

"तिचा आवाज खणखणीत आहे ना," गटातला गजेंद्र म्हणाला.

"मंग माह्या आवाजाले काय झालं बे?" सुचिता फणकारली.

बुधवारी गटानं बोअरचं पाणी आटवलं, तळाशी पांढरा थर. मग गावाला यंत्रानं शुद्ध केलेलं पाणी देणाऱ्या जलकेंद्रातून योगिनीनं बाटलीत आणलेलं पाणी आटवलं. त्यात क्षार जवळजवळ नकोत, तर तिथंही तेवढाच थर!

सुचिता मनातून खूश झाली. हिनं बाटल्या बदलल्या वाटतं! बोलू दे तसंच, सगळ्यांसमोर फजिती होईल!

तरी खात्री करावी म्हणून गुरुवारी तिनं स्वतः जलकेंद्राच्या नळावरून पाणी आणलं. पुन्हा थर! मग ती केंद्राच्या मागे गेली. शुद्धीकरणाच्या यंत्रावर धूळ साचली होती आणि बोअरचा पाइप यंत्राला वळसा घालून थेट नळाला जोडला होता!

"काय पाहून राह्यली वं? घरी जाय!" मोबाइलमधून डोकं न काढता भाऊराव ओरडले. केंद्र तेच चालवत.

सुचिता पळतच शाळेकडे निघाली. पण फाटकाशी तिचे पाय थबकले. बाईंना सांगितलं, तर शनिवारी टाळ्या कुणाला मिळणार? योगिनीला! ती तशीच मागे फिरली.

शनिवारी वर्ग खच्चून भरला. योगिनीनं दोन्ही वाट्या उंच धरल्या. "केंद्राच्या पाण्यातही बोअरइतकेच क्षार आहेत!"

"खोटं आहे!" भाऊराव उठले. "पोरीनं बाटल्या बदलल्या!"

"नाही... म्हणजे... मला वाटतं..." योगिनीचा आवाज बसला. डोळे भरून आले.

दोन दिवस सुचितानं हेच चित्र मनात रंगवलं होतं. आता मात्र तिला ते पाहवेना.

"बाटल्या बदलल्या नाहीत!" ती उभी राहिली. "मी स्वतः पाह्यलं!"

"थांबा, मीच ताजं पाणी आणतो," भाऊराव घाईनं म्हणाले.

"तुम्ही काऊन, काका? सरपंचकाकाच आपल्या हातानं भरतील!" सुचिता म्हणाली.

सरपंच महादेवराव हसत उठले. सगळा वर्ग त्यांच्यामागे निघाला.

"चावी घरी राह्यली!" केंद्राच्या दारात भाऊराव खिसे चाचपत म्हणाले.

"चावी कायले? नळ तर बाहेर आहे!" गजेंद्र ओरडला आणि एकच हशा पिकला!

महादेवरावांनी पाणी भरलं. तिथंच दिवा पेटला. पाणी आटलं. तळाशी पांढरं! मग सुचितानं त्यांना मागचा पाइप दाखवला.

"कधीपासून, भाऊराव?"

"महिना झाला," भाऊराव पुटपुटले. "आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता राहून गेलं."

"यंत्र दुरुस्त होईस्तोवर केंद्र बंद! लावा पाटी!" महादेवराव गरजले. मग त्यांनी योगिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरी! काय बोलली!"

सुचितानं मान फिरवली.

"मी नुसतं बोलले, काका," योगिनी म्हणाली. "शोधलं हिनं."

आता सगळे सुचिताकडे पाहू लागले. तिला एकदम रडूच आलं.

"मले गुरुवारीच समजलं होतं," ती योगिनीला हळूच म्हणाली. "तुझी फजिती व्हावी म्हणून मी बोलली नाही."

योगिनीचा चेहरा कडक झाला. "दोन दिवस माझी एवढीशी मामेबहीण तेच पाणी पीत होती, सुचिता!"

"आमच्या घरीही तेच पाणी आहे," सुचिता म्हणाली.

"दोघींनी मिळून गावाचं काम केलं!" शालूबाईंना या कुजबुजीचा पत्ताच नव्हता. "सुचिता, पाइपचा शोध कसा लागला ते आता तूच सांग सगळ्यांना!"

सुचितानं योगिनीकडे पाहिलं. योगिनी हसली नाही. पण ती केंद्राच्या पायरीवर बाजूला सरकली आणि तिनं सुचिताला उभं राहायला जागा करून दिली.