नीमगुझरची बोली

समरकंदमध्ये माणूस कुठल्या मोहल्ल्यातला, हे विचारावं लागत नाही. तो 'या, बसा' म्हणतो तेवढ्यावर कळतं. इराणी मोहल्ल्यातले शब्द लांबवतात, बाजारामागचे शेवटचं अक्षर खाऊन टाकतात, स्टेशनाकडचे मध्येच रशियन पेरतात. मी रुग्णवाहिका चालवतो, त्यामुळे सगळे मोहल्ले मला पाठ आहेत, गाडी उलटी घेत बाहेर काढावी लागते अशा गल्ल्यांसकट. सुट्टीच्या दिवशी मी लग्नांत डफ वाजवायचो. होतमअका, म्हणजे होतमदादा, नकला करायचे, मी साथीला.

होतमअकांच्या एका तोंडात अख्खं शहर होतं. लोक शेजारच्या मोहल्ल्याची नक्कल ऐकून पोट धरून हसायचे आणि स्वतःची आली की गप्प व्हायचे. एकदा मात्र नवरीच्या मामानं चहाची वाटीच भिरकावली. "आमची तोंडं म्हणजे तुझा डफ वाटला काय रे?"

परतताना गाडीत होतमअका सदऱ्यावरचा चहा पुसत होते. "नुसरतजोन, आता असा मोहल्ला काढतो की कुणाच्या बापाला राग यायला नको."

"नाव काय त्याचं?"

"नीमगुझर. अर्धी गल्ली. पुरी गल्ली म्हटली की कुणीतरी भांडायला येतं. अर्ध्या गल्लीतून कोण येणार?"

बोलीही त्यांनी तिथंच रचली. वाक्याचा शेवटचा शब्द बाहेर सोडायचाच नाही, श्वासाबरोबर आत ओढायचा. "नुसरतजोन, गाडी हळू..." आणि 'चालव' हा शब्द त्यांच्या छातीत उतरला. मला इतकं हसू आलं की कालव्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली.

त्या उन्हाळ्यात नीमगुझरनं धमाल उडवली. लोक फर्माईश करायला लागले. पोरं एकमेकांना तसं बोलून चिडवायला लागली.

शरद ऋतूत एका लग्नाच्या सकाळच्या पुलावाला आम्ही गेलो होतो. नुकतं उजाडलं होतं, अंगणात मांस आणि गाजरांचा वास, लांबलचक टेबलांवर पुरुष जेवत होते. होतमअकांची नक्कल संपली तेव्हा मागच्या टेबलावरून करड्या चपानातला, लांब अंगरख्यातला, एक म्हातारा उठून आला.

"छान करता," तो म्हणाला. "पण 'पाणी' आम्ही आणखी खाली..."

शेवटचा शब्द त्यानं आत घेतला. सहज, जसा आपण आवंढा गिळतो.

होतमअका मोठ्यानं हसले. "वा बोबो, माझाच माल मला विकता!"

म्हातारा हसला नाही. त्यानं 'पाणी' पुन्हा म्हणून दाखवलं. होतमअकांनी तसं म्हणून पाहिलं, आणि खरं सांगतो, ते जास्त बरोबर वाटलं.

पुढच्या लग्नात तसे चौघे होते. त्यानंतर अख्खं टेबल. नीटनेटके, हळू बोलणारे लोक. नक्कल सुरू झाली की सगळे हसायचे, हे फक्त माना डोलवायचे. नवऱ्याकडच्यांना वाटायचं नवरीकडचे आहेत, नवरीकडच्यांना वाटायचं नवऱ्याकडचे.

एकाला मी फाटकात गाठलं. "कुठं सोडू? गाडी आहे माझी."

"नको, त्रास कशाला. जवळच..." आणि 'राहतो' आत गेला. मी सिगारेट पेटवायला मान खाली घातली. वर पाहिलं तर रस्त्यावर कुणी नव्हतं.

आमच्या डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांना मी विचारलं. नीमगुझर कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाला, "होतमच्या नकलेतलं ना? डोकं फिरलंय का तुझं?"

मी तो विषय सोडून देणार होतो. पण होतमअकांची बायको ओयदीन घरी आली. ती बसेचना, दारातच बोलत राहिली. "त्यांना सांगा, घरी तरी पुरे करा म्हणावं. झोपेतसुद्धा तसंच बोलतात हो. मला हाक मारतात ती अर्धीच ऐकू येते."

मी त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"नुसरतजोन, मी तुझं नाव कसं घेत होतो रे? आधी?"

आमचं लहानपण एकाच गल्लीत गेलेलं. मी आमच्या बोलीत एकेक वाक्य म्हणून दाखवलं, 'आई, दार उघड', 'भूक लागली'. ते माझ्यामागून म्हणत गेले. उच्चार चुकत नव्हता. पण ती नक्कल होती. आमच्या मोहल्ल्याची इतर कुणी करावी तशी, हुबेहूब.

ओयदीननं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं.

"आईचा आवाज आठवून बघतो," ते म्हणाले, "तर तीही तसंच..."

पुढचा शब्द मला ऐकू आला नाही.

शेवटचं लग्न ऐन थंडीतलं. होतमअकांनी मला आधीच बजावलं होतं, आज नीमगुझर नाही, आज मी माझ्या तोंडानं बोलणार. मागची तीन टेबलं त्या लोकांनी भरलेली होती.

ते उभे राहिले. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, मोहल्ल्याचं सांगितलं.

लोक खदाखदा हसले. त्यांना वाटलं, नवी नक्कल.

"हसू नका," ते म्हणाले. लोक आणखी हसले.

मी डफ थांबवला.

मागून करडा चपान उठला. "दमलात," तो म्हणाला. "चला आता..."

होतमअकांनी माइक टेबलावर ठेवला. जेवण आटोपलेल्या पाहुण्यासारखे ते त्या लोकांबरोबर चालायला लागले. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही.

मी धावलो. फाटकाबाहेर स्वच्छ ऊन होतं. सरळ रस्ता, दोन्हीकडे बोडके तुतीचे वृक्ष, ताजा बर्फ.

बर्फावर पावलं फाटकापर्यंतच होती.

पोलिसांनी शोध घेतला. ओयदीन शेवटी बहिणीकडे ताश्कंदला गेली. मी डफ विकून टाकला.

गेल्या आठवड्यात ड्युटी संपवून दुपारी घरी आलो तर चहाच्या वाट्या अजून मांडलेल्या होत्या. मुनीरा, माझी बायको, खुशीत होती. "अहो, निगिनाला मागणी घालायला दोघी बायका आल्या होत्या. इतक्या मर्यादशीर! पोरीलाही आवडल्या. मग मी नान मोडू दिली."

आमच्यात नान मोडली की लग्न ठरलं.

"मला न विचारता? कुठल्या मोहल्ल्यातल्या?"

"इथल्याच. नाव सांगितलं, पण नीट ऐकू नाही आलं. तुम्हाला चांगलं ओळखतात. मुलाचे वडील तुमच्या डफावर नकला करायचे म्हणे. मुलगा चोवीस वर्षांचा आहे, एकुलता एक."

होतमअकांना मूलबाळ नव्हतं.

मी वळून पाहिलं. निगिना खिडकीपाशी उभी होती, आणि मोडलेल्या नानचा तुकडा सावकाश चघळत होती.