बिनखिडक्यांची भिंत

शहरातल्या प्रकाशमहोत्सवाच्या आधीच्या सोमवारी बुरूल सात नंबरच्या इमारतीत फोटो गोळा करायला गेली. काखेत बुटांचं एक रिकामं खोकं होतं, आणि दिवेलागणीच्या आत वीस फोटो त्यात पडायला हवे होते.

ओश शहरातली कापडगिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तरी कामगारांच्या इमारती अजून उभ्या आहेत. सात नंबरची पूर्वेकडची बाजू म्हणजे पाच मजले उंच, सपाट, आंधळी भिंत. बांधणाऱ्याने तिच्यात एक झरोकासुद्धा ठेवला नाही. या भिंतीवर प्रकाशाच्या वीस खिडक्या पाडायच्या, असं बुरूलने ठरवलं होतं. दर मजल्यावर चार. एकेक खिडकी उजळणार, पडदा सरकणार आणि आत गिरणीत राबून गेलेलं एक माणूस दिसणार. बुधवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहाला. तिकीट नाही की खुर्ची नाही. चौकात उभं राहायचं आणि वर बघायचं.

"फुकट म्हणतेस?" तळमजल्यावरच्या तुर्सुनाय एने म्हणाल्या. एने म्हणजे आजी, आणि तुर्सुनाय अख्ख्या इमारतीची आजी होती. "म्हणजे सगळं ओश इथे लोटणार आणि माझ्या दारात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं टाकून जाणार."

"मी झाडून देईन, एने."

"लहानपणी कधी जिना झाडला नाहीस, आता काय झाडशील." पण त्यांनी नवऱ्याचा फोटो काढून दिला. "याला सगळ्यात वर ठेव. चाळीस वर्षं तळमजला मिळाला म्हणून कुरकुरत होता."

एकोणीस फोटो मिळाले. विसावा बुरूलकडे होताच. तो तिने कोणाला विचारून घेतला नव्हता.

तो तिच्या धाकट्या भावाचा होता; भाऊ गिरणीत कधी राबला नव्हता, पण याच इमारतीत वाढला होता. एर्मेक चार वर्षांपूर्वी बांधकामावर रशियाला गेला. दोन वर्षं त्याचे फोन येत होते, मग बंद झाले. कोणी म्हणालं, परांचीवरून पडला, कोणी म्हणालं, तिथेच लग्न करून राहिला. बुरूलने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पत्रं लिहिली आणि शेवटी थकून मनाशी ठरवलं, की तो गेला. सायरा अपाने, म्हणजे तिच्या आईने, मात्र एकदाही तसं म्हटलं नाही. त्याच्या नावाने दुवा वाचू दिली नाही, की शुक्रवारी त्याच्या नावाने तेल तापवलं नाही. तिकडे घरोघर ही रीत आहे. शुक्रवारी तेलात सात पोळ्या तळायच्या. तळणाचा वास घराबाहेर गेला, की घरातून गेलेली माणसं तो घेऊन तृप्त होतात.

मंगळवारी काम दाखवायला बुरूल दुसऱ्या मजल्यावर आईकडे गेली. लॅपटॉपवर एकेक खिडकी उजळत गेली आणि अपा ओळखीचे चेहरे बघून मान डोलवत राहिली. विसाव्या खिडकीत एर्मेक दिसला. लहानपणी तुतीच्या झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला होता, फोटोतही तो तसाच दिसत होता. अपाच्या हातातला चहाचा वाडगा तसाच राहिला.

"काढ त्याला तिथून."

"अपा..."

"जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीत बसवतेस? काढ म्हणते ना."

"दोन वर्षं झाली, अपा. तू एकदा रडून तरी घे. म्हणजे मलाही रडता येईल."

हे ती खरं बोलली. आईच्या वाट बघण्यापुढे तिला स्वतःचं दुःख करायलाही जागा उरली नव्हती, आणि त्याचा तिला राग होता. अपाने वाडगा खाली ठेवला.

"हे बघ पोरी, वास त्यांचा आणि पोळी आपली. माझा एर्मेक वासावर जगणाऱ्यांतला नाही. तो येईल तेव्हा माझ्यासमोर बसून पोळी खाईल."

बुरूलने फोटो काढला. त्या जागी दुसरं काही घातलं नाही. तुर्सुनाय एनेंच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्या काठी टेकत चौकात आल्या. कॅमेऱ्याने भिंतीची मापं घेणाऱ्या बुरूलच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या आणि या वेळी थट्टा केली नाही.

"कबर खणून झाली की कोणीतरी राखणीला बसतं, ठाऊक आहे ना? रिकामी सोडून उठत नाहीत. या खिडकीत काहीतरी ठेव. फुलदाणी ठेव, मांजर ठेव. उघडी सोडू नकोस."

"एने, ही खिडकी आहे, कबर नाही. आता बदल करायचा तर पुन्हा सगळं बनवावं लागेल."

तासाभराचं काम होतं. बुरूलला ते करायचं नव्हतं. आईने फोटो काढायला लावला, तर निदान त्याची रिकामी जागा सगळ्या शहराने बघावी, अशी एक हट्टी, दुखरी इच्छा तिच्या मनात होती. ही इच्छा तिला पुढे फार महाग पडली.

बुधवारी सहाला अंधार पडला. प्रक्षेपक समोरच्या बॉयलरघराच्या छपरावर बसवला होता आणि तो चालवायला तिथे बुरूल आणि तिचा जोडीदार दाव्रोन होते. खाली चौक भरला होता. कोपऱ्यावर कबाबचा धूर, लोकांच्या खांद्यावर पोरं, सगळ्यांच्या माना वर. खिडक्या उजळू लागल्या तसे खालून आवाज येऊ लागले, "तो बघ, आमचा!" तुर्सुनाय एनेंचा नवरा सगळ्यात वरच्या मजल्यावर दिसला, तेव्हा एने रुमालाच्या टोकाने डोळे पुसत त्याला म्हणाल्या, "आता तरी खूश?" आसपासचे हसले.

विसावी खिडकी तिसऱ्या मजल्यावर, उजव्या टोकाला होती. ती उजळली. पडदा सरकला. आत नुसता पिवळा उजेड असायला हवा होता.

आत कोणीतरी पाठमोरं उभं होतं.

बुरूल आधी प्रक्षेपकाच्या भिंगापाशी धावली. समोर कोणी नव्हतं. तिने भिंगापुढून हात फिरवला, तर तिच्या हाताची सावली सगळ्या भिंतीवर पसरली. मग तिने फाइल उघडून पाहिली. विसावा चौकोन रिकामा होता.

"मी काही घातलं नाही," दाव्रोन हळूच म्हणाला. "तू घातलंस?"

"नाही."

"मग..."

बुरूलने पुन्हा वर पाहिलं. भिंतीवरच्या सावलीचा डावा खांदा उतरलेला होता. खाली लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना ही खिडकी सगळ्यांत आवडली.

गुरुवारी इमारतीत चार वाजल्यापासूनच तेल तापायला लागलं. आपापली माणसं भिंतीवर पाहिल्यावर शुक्रवारची वाट बघायला कोणाला धीर नव्हता. जिन्यात तळणाचा वास इतका दाट भरला होता, की बुरूलच्या कपड्यांना, केसांना तो चिकटला. एकाच दारातून वास येत नव्हता. आत अपा खिडकीशी बसली होती. तिने काल सगळं पाहिलं होतं.

"तोच आहे," ती म्हणाली.

"अपा, काहीतरी बिघाड आहे. आज मी ती खिडकी बंदच करते."

"नको." अपाने तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "दार लावलंस तर तो आत राहील. त्याला... वळू दे."

बुरूलने खिडकी बंद केली नाही. करून तरी काय झालं असतं, कोण जाणे. त्या संध्याकाळी पडदा सरकला, तेव्हा सावली अर्धी वळलेली होती. गाल आत गेलेले, ओठ हलत होते. चौकातला गलबला आपोआप थांबला. लोक एकमेकांना विचारत होते, हा कोणाचा. कोणीच आमचा म्हणेना. तेवढ्यात वारा पडला आणि तळणाचा वास छपरापर्यंत चढला. भिंतीवरच्या माणसाने तोंड किंचित वर केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

दाव्रोनने यंत्राची वायर उपटली. यंत्र विझलं. एकोणीस खिडक्या विझल्या. विसावी सावकाश विझली.

शुक्रवारी दाव्रोन आला नाही. बुरूलही गेली नसती, पण सकाळी अपा स्वतः तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतला कोट, डोक्यावर धुतलेला पांढरा रुमाल.

"आज शेवटचा दिवस ना? यंत्र लाव. मी सांगते म्हणून लाव."

"तू काय करणार आहेस?"

"तुम्ही तापाने फणफणलात की मी काय करायचे?"

बुरूलला ते चांगलं आठवत होतं. अपा अंथरुणाभोवती तीन फेऱ्या घालायची आणि पुटपुटायची, तुझं दुखणं मला, तुझ्यावरून मी ओवाळून जाते. तिकडच्या प्रत्येक आईच्या तोंडी हे असतं. भाजी आणायला निघालेल्या पोरालाही ती हेच म्हणते. त्याचा अर्थ लावायला कोणी थांबत नाही. बुरूलही थांबली नाही. उलट तिला जरा बरंच वाटलं, की अपा निदान काहीतरी करते आहे.

सहा वाजता तिने यंत्र लावलं. थंडी कडक होती, तरी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली खिडकी उजळली, तेव्हा अपा भिंतीच्या पायथ्यापासून निघाली आणि इमारतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. इमारत लांबलचक. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या बाजूने आली. पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत ती थकली होती, भिंतीला हात लावत चालत होती. विसावी खिडकी उजळली तेव्हा ती त्या खिडकीच्या बरोबर खाली पोचली, वर पाहून काहीतरी बोलली आणि तिसऱ्या फेरीला निघाली.

पडदा सरकला. एर्मेक आता पूर्ण समोर होता. तो थेट छपराकडे, बुरूलकडे बघत होता.

"एर्मेक..." ती पुटपुटली. "जा ना रे. नाहीतर ये. काहीतरी एक कर."

तिने तिसऱ्या फेरीची वाट पाहिली. कोपऱ्यावर कोणी आलं नाही. वर खिडकीत सावली बाजूला सरकली, जशी एखाद्याला जागा द्यावी तशी, आणि तिच्या जागी एक बुटकी बाई आली. डोक्यावर पांढरा रुमाल होता. तिने हाताने पडदा ओढून घेतला.

अपा इमारतीच्या मागे सापडली. गरम पाण्याच्या जाड पाइपाला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. अंग अजून कोमट होतं, श्वास नव्हता. तुर्सुनाय एनेंनी तिची हनुवटी रुमालाने बांधली. तेवढ्यात अपाच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. रशियाचा नंबर होता. बुरूलने तो उचलला.

"अपा?" पलीकडून आवाज आला. "अपा, मी एर्मेक... मी निघतोय."

तो दहा दिवसांनी आला. तोवर आईची माती होऊन गेली होती. तो वाळला होता, पण हाडामांसाचा होता. बुरूलने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला आणि दोन वर्षांचं रडणं त्याच्या उतरलेल्या खांद्यावर रडून घेतलं. कुठे होतास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एका खोलीत. पुष्कळ जण होतो. मग अपा आली, म्हणाली ऊठ, ही माझी जागा." याहून जास्त बोलला नाही. बुरूलनेही खोदून विचारलं नाही. आई गेली, भाऊ आला, एवढं मनात मावेपर्यंतच तिची दमछाक झाली होती.

तो अपाच्या घरात राहू लागला. बुरूल रोज डबा आणायची, तो म्हणायचा, एनेंकडे जेवलो. एके दिवशी एने जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडेच जेवतो ना गं पोरगा? आमच्याकडे तर चहालाही थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बुरूलने अपाच्याच कढईत, अपाच्या नावाने तेल तापवलं. एकेक करून सात पोळ्या तळल्या आणि वास बाहेर जावा म्हणून खिडकी उघडली. एर्मेक आतल्या खोलीतून आला आणि चुलीपाशी बसला. तिने ताटली त्याच्यासमोर ठेवली.

"खा. अपाची इच्छा होती, तू समोर बसून खावंस."

तो ताटलीकडे बघून हसला. मग त्याने डोळे मिटले, कढईवर तोंड नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळ. त्याच्या गालांवर रंग चढला.

"पोट भरलं, एजे," बहिणीकडे बघून तो म्हणाला. आणि जेवण उरकल्यावर सगळे करतात तसे त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

ताटलीत सातही पोळ्या तशाच होत्या.